खोलीत आपल्याकडचं कोणी आहे का?

मुलीला वसतिगृहात सोडायला आलेली मंडळी आधी फी विचारतात, मग पाणी, मग मेस, मग गेट किती वाजता बंद होतं ते. सगळं समजून घेतात, पेटी खोलीत ठेवतात, आणि निघता निघता दारात थबकून आवाज खाली आणतात : "मॅडम, खोलीत आपल्याकडचं कोणी आहे का?" वर्ध्यात रेक्टर म्हणून काम करताना प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न इतक्या वेळा कानावर पडतो की कोणी विचारला ते लक्षात राहत नाही. 'आपल्याकडचं' म्हणजे त्यांना नेमकं काय हवंय, तेवढंच राहतं. बिहारकडून आलेल्या बापाला हिंदी बोलणारी मुलगी हवी असते. भामरागडकडच्या बापाला माडिया बोलणारी कुठून मिळणार, म्हणून तो 'निदान गडचिरोलीची तरी' म्हणतो. यवतमाळ-वाशीमकडचे लोक जिल्ह्याचं नाव घेतात, पण पार्टनरचं आडनाव ऐकल्यावर चेहरा खुलतो किंवा मिटतो, आणि जिल्हा हा नुसता बहाणा होता हे कळून येतं. या प्रश्नाला हसू नये. परक्या गावात लेक ठेवून जाणाऱ्याला तेवढं विचारायचा हक्क आहे. पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो आणि तो माझ्या कामाचा आहे : जी आपल्याकडची नाही, ती आपली होते कशी? इतकी वर्षं हे काम करून माझं मत असं झालंय की आत कोणाला घेतलं यावर ते फारसं अवलंबून नसतं. आत आल्यावर पहिल्या आठवड्यात तिच्याकडून काय करून घेतलं, आणि करून घेणारीने तेच काम स्वतः केलं की नाही, यावर पुढची चार वर्षं ठरतात.

मराठीला या बाबतीत फारसे भ्रम नाहीत. 'भाऊबंद' हा शब्द आपण आपुलकीने उच्चारतो, पण त्याला '-की' लागली की बांधाची मोजणी, सातबारा आणि दिवाणी कोर्टाची तारीख एकदमच डोळ्यांपुढे येते. एका रक्ताच्या, एका चुलीवरचं खाऊन वाढलेल्या भावांची ही कथा. मग एकमेकींचं आडनावही धड उच्चारता न येणाऱ्या साठ-सत्तर मुलींना 'आजपासून तुम्ही सगळ्या बहिणी' म्हणून काय साधणार? स्वागतसमारंभात हे वाक्य कोणीतरी पाहुणा म्हणतोच. टाळ्याही पडतात. मग मुली जेवायला जातात आणि ज्या टेबलावर आपली बोली ऐकू येते तिथे ताट घेऊन बसतात.

अमेरिकेतल्या विद्यापीठांनी या प्रश्नावर फार जुना आणि फार गाजलेला उपाय काढला : विद्यार्थ्यांचे संघ. मुलांचा तो फ्रॅटर्निटी, मुलींचा तो सोरॉरिटी. ग्रीक अक्षरांचं नाव, शपथ, खुणेचं हस्तांदोलन, अनेकांचं स्वतःचं राहायचं घर. मूळ शोधत गेलं तर १७७६ साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात निघालेल्या फाय बीटा कॅपापर्यंत पोचतं. हे संघ दीर्घकाळ गोऱ्या, ख्रिस्ती, सुखवस्तू मुलांचे राहिले. ज्यांना दार उघडलं नाही त्यांनी आपापली घरं बांधली. १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा स्थापन केली. पुढे स्पॅनिश बोलणाऱ्यांचे, आशियाई मुलांचे संघ निघाले, आणि १९९८ मध्ये ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा ही आपल्या उपखंडातल्या मुलींची सोरॉरिटी सुरू झाली. पण अशी घरं वाढत गेली तरी काही मुली कुठेच बसेनात. आई एका देशाची, बाप दुसऱ्या देशाचा, किंवा जिला एकाच शिक्क्याखाली राहायचंच नाही, तिने जावं कुठे? १९८१ मध्ये न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात म्यू सिग्मा अप्सिलॉन निघाली ती अशांसाठी. तिला अमेरिकेतली पहिली बहुसांस्कृतिक सोरॉरिटी मानतात. १९९८ पर्यंत या प्रकारच्या संघांची स्वतःची राष्ट्रीय परिषदही उभी राहिली. गंमत म्हणजे त्याच १९८१ साली उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांनी एकत्र येऊन बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापलं. न्यू जर्सीतल्या मराठी घरांना पुढे हे दोन्ही दरवाजे जवळ होते : एकात गणपती, नाटक, आपली माणसं, आणि दुसऱ्यात जिथे आपल्याकडचं कोणी नाही हीच ओळख. एका घरातली मुलगी दोन्हीकडे जाऊ शकते, आणि त्यात विसंगती काहीच नाही.

या संघांचं कौतुक करताना मी एका ठिकाणी अडते, आणि ते ठिकाण म्हणजे दार. तिथे आपणहून जाऊन चालत नाही, निवडलं जावं लागतं. निवडल्यावर काही आठवडे उमेदवारी करावी लागते. जुने सांगतील ते पाठ करायचं, सांगतील तिथे हजर व्हायचं, सांगतील ते सोसायचं. कायद्याने बंदी असूनही त्यातून छळ होतो आणि जीवही जातात. ज्यांना स्वतःलाच बाहेर ठेवलं गेलं होतं ते तरी असं करणार नाहीत, असं वाटतं. तेही करतात. २०१३ मध्ये न्यू यॉर्कच्या बरूक कॉलेजातला एक नवा मुलगा एका आशियाई-अमेरिकन संघाच्या अशाच विधीत दगावला, आणि पुढे पेनसिल्व्हेनियातल्या कोर्टाने त्या संघालाच दोषी ठरवलं. आपण नाक मुरडायचं कारण नाही. आपल्याकडे त्याला 'इंट्रो' म्हणतात. नजर खाली, तिसऱ्या बटनाकडे, नाव-गाव-आडनाव मोठ्याने. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगबंदीचा कायदा केला, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड ठेवला. २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले आणि तेव्हापासून दर वर्षी मुलगी आणि पालक दोघांकडून प्रतिज्ञापत्रं भरून घेतो. कायदा हवाच होता आणि त्याने बरंच थांबलंही. पण कपाटातल्या प्रतिज्ञापत्रांच्या गठ्ठ्याकडे पाहताना एक गोष्ट जाणवते : नव्या जागी आलेल्या माणसाला 'आता मी इथली झाले' असं वाटायला काहीतरी करून दाखवावं लागतं, ही भूक कागदाने जात नाही. आपण वाईट विधी बंद केला आणि त्या जागी दुसरं काही ठेवलं नाही.

ठेवायला आपल्याकडे काही नव्हतं असं मात्र नाही. वसतिगृहांच्या बाबतीत महाराष्ट्राचा इतिहास अमेरिकेच्या मानाने मुळीच लहान नाही, फक्त आपण तो शिक्षणाच्या इतिहासात टाकतो, बंधुतेच्या नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून जातवार आणि धर्मवार वसतिगृहं उभी केली : मराठ्यांचं, जैनांचं, पुढे मुसलमानांचं, लिंगायतांचं, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. त्या काळी दुसरा इलाजच नव्हता. गावाकडून आलेल्या मुलाला जातवाल्याखेरीज कोणी पाणी देईना, तिथे सगळ्यांना एका छपराखाली आणतो म्हणणं म्हणजे कोणालाच न आणणं. याच जैन बोर्डिंगात भाऊराव पाटील शिकायला होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला ते गेले, परतल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला त्यांनी नकार दिला, आणि बोर्डिंगाने त्यांना बाहेर काढलं. आपल्या माणसांसाठी बांधलेलं घर आपल्याच पोराला कसं बाहेर काढतं, याचं याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही. त्या भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातीधर्मांच्या मुलांचं एक वसतिगृह काढलं. १९२७ मध्ये गांधीजी तिथे आले आणि त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. या बोर्डिंगात दाराशी शपथ नव्हती, काम होतं. मुलं स्वतः रांधत, दळण आणत, सरपण फोडत, भांडी घासत. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून सगळ्यांना माहीत असते. त्याच घरात वेगवेगळ्या जातींची मुलं एकाच तव्यावरची भाकरी खात होती, हे त्या काळी मंगळसूत्र विकण्याइतकंच अवघड होतं, ते मात्र आपण पटकन वाचून पुढे जातो. इकडे अमरावतीत पंजाबराव देशमुखांच्या श्रद्धानंद छात्रालयानेही तोच रस्ता धरला होता.

वर्ध्याच्या बाबतीत तर जातवार घराचं दार उघडत जाताना जवळजवळ दिसतं. जमनालाल बजाज आणि कृष्णदास जाजू यांनी १९१४ मध्ये काढलेली संस्था मारवाडी समाजाच्या मुलांच्या शिक्षणासाठी होती आणि नावातही 'मारवाडी' होतं. पुढे ते नाव गळालं, शिक्षा मंडळ राहिलं, आणि तिच्या कॉलेजांतून आज सगळा जिल्हा शिकतो. त्याच जमनालालजींनी १९२८ मध्ये आपलं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलं केलं. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि हाताच्या कामातून शिकवणारी नई तालीम जन्मली. ती सेवाग्रामात चालवायला आले कोण, तर ई. डब्ल्यू. आर्यनायकम हे सिलोनचे तमिळ ख्रिस्ती आणि त्यांच्या पत्नी आशादेवी या बंगाली. दोघेही शांतिनिकेतनातून आलेले. नंतर मार्जरी साइक्स ही इंग्रज बाई येऊन शिक्षक घडवत राहिली. सेवाग्रामच्या गांधी आश्रमात प्रार्थनेची सुरुवात एका जपानी बौद्ध मंत्राने होते. सेलू-हिंगणघाटच्या शेतकऱ्याने त्या काळी सेवाग्रामच्या रस्त्यावर जेवढे देश पाहिले तेवढे मुंबईच्या बोटीवाल्यानेच पाहिले असतील. पण माणसं विविध होती म्हणून तिथे काही घडलं, असं मी म्हणणार नाही. विविध माणसं रेल्वेच्या डब्यातही असतात. घडलं ते या क्रमामुळे की आलेल्या पाहुण्याच्या हातात पहिल्याच दिवशी झाडू, चरखा किंवा भाजीची पाटी येई, आणि ती देणाऱ्याच्या हातात त्याहून आधी आलेली असे. नई तालीमच्या शाळेत तर स्वयंपाक, सफाई यांचा कारभार मुलांचं निवडून दिलेलं मंत्रिमंडळ पाही आणि आमसभेत मुलंच त्याला जाब विचारत.

या जुन्या रिवाजाचा एक धागा आजही टिकून आहे. १९६९ मध्ये सुशीला नायर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. निम्म्या जागा महाराष्ट्राच्या आणि निम्म्या देशाच्या इतर भागांच्या अशी पद्धत तिथे दीर्घकाळ होती. नव्या मुलांना पहिला पंधरवडा आश्रमात काढावा लागतो : प्रार्थना, श्रमदान, सूतकताई. पुढे एका दत्तक गावात शिबिर होतं आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबं येतात. डॉक्टर व्हायला आलेल्या मुलीला मृतदेहाच्या टेबलाआधी खराटा भेटतो, हे मला आवडतं. तिच्याबरोबर त्या पंधरवड्यात झाडणारी, पोळी लाटणारी मुलगी कोण्या राज्याची आहे हे तिला नंतर कळतं. आधी कळतं ते हे, की त्या मुलीला लवकर उठवत नाही, पण उठली की ती पाट्या टाकत नाही.

साध्या वसतिगृहाच्या मेसमध्येही हे पाहायला मिळतं, फक्त मेस ठेकेदाराला पूर्ण सोपवलेली नसावी लागते. सकाळी सहा-साडेसहाला चौघी जणी चटईवर मेथीची जुडी घेऊन बसल्या की वादाला तोंड फुटतं. विदर्भातली मुलगी कोवळ्या देठासकट खुडते. दुसरीच्या घरी फक्त पानं घेतात, तिला हा आळस वाटतो. बंगालची मुलगी आलूची सालं उकिरड्यावर जाताना पाहून कासावीस होते, कारण तिच्याकडे त्यांचीही भाजी होते. संध्याकाळी ती ती करून दाखवते आणि पुढच्या खेपेला सालं कोणी टाकत नाही. फळ्यावर 'रात्री चून-भाकर' असं लिहिलेलं वाचून हिंदी मुलुखातल्या नव्या पोट्टीला हमखास वाटतं की इथे ताटात चुना वाढतात. चून म्हणजे आपलं पिठलं, हे सांगायला तीन जणी धावतात. तासभराच्या या बसण्यात कोणी कोणाला 'तुमची संस्कृती सांगा' असं म्हणत नाही. हात चालू असतात, डोळे जुडीकडे असतात, आणि समोरासमोर बसवल्यावर जे ओठांवर येत नाही ते, घरचं कर्ज, मोडलेलं लग्न, मागे राहिलेला पेपर, सहज बाहेर येतं. म्हणून वार्षिक 'सांस्कृतिक दिना'वर माझा फारसा विश्वास नाही. त्या दिवशी प्रत्येक राज्याचा एक पोशाख, एक नाच आणि एक पदार्थ असतो, फोटो छान येतात, आणि मेघालयच्या मुलीला सगळं राज्य एकटीने खांद्यावर घेऊन फिरावं लागतं. मेथीसमोर ती मेघालय नसते. ती हळू खुडणारी असते.

आता आक्षेपांकडे वळते, कारण यातले दोन मला झोपेतही टोचतात. पहिला असा : झाडू सगळ्यांना सारखा लागत नाही. ज्या मुलीच्या घरात तिच्या आधी कोणीच संडास धुतला नाही, तिच्यासाठी तो प्रयोग आहे, पुढे मुलाखतीत सांगायचा अनुभव आहे. जिच्या आजीने आयुष्यभर तेच केलं आणि जिच्या आईने 'माझी लेक हे करणार नाही' म्हणून पोटाला चिमटा घेऊन शिकवलं, तिच्या हातात वसतिगृहाच्या पहिल्याच दिवशी समतेच्या नावाने ब्रश द्यायचा, ही कसली समता? आक्षेप खरा आहे आणि 'श्रमाला प्रतिष्ठा' एवढं म्हणून तो मिटत नाही. प्रतिष्ठा देणारे आणि श्रम करणारे वेगळे असले की ते वाक्य निव्वळ उद्धट होतं. पण या आक्षेपातून कामच नको असा निष्कर्ष काढला तर काय होतं, तेही पाहावं. संडास कोणीतरी धुतंच. आज ते बहुतेक ठिकाणी ठेकेदाराची बाई धुते, आणि ती कोणत्या वस्तीतून येते ते सांगायला नको. वर राहणाऱ्या साठ जणी कितीही जातींच्या, कितीही भाषांच्या असोत, त्यांचं बहीणपण तिच्या पाठीवर उभं राहतं. तेव्हा काम रद्द करण्यापेक्षा त्याचा क्रम उलटा करणं मला पटतं. पाळीच्या फळ्यावर जातीने जे आधी करत आल्या त्यांची नावं खाली, ज्यांनी कधीच केलं नाही त्यांची वर, असं मात्र लिहिता येत नाही. लिहिलं तर तो फळाच जातीचा दाखला होतो. जे लिहिता येतं ते ज्येष्ठतेने : अंतिम वर्षाच्या मुली आधी, नव्या सर्वांत शेवटी. इंट्रोच्या नेमकं उलट. आणि एखादी मुलगी 'हे नको, भांडी चालतील' म्हणाली तर कारण विचारायचं नाही.

दुसरा आक्षेप सेवाग्रामवरच येतो. तिथे सर्व धर्म होते, पण ताट एकाच प्रकारचं होतं. खादी, शाकाहार, पहाटेची प्रार्थना, आणि या सगळ्यामागे एका माणसाचा शब्द. त्याला बहुसंस्कृती म्हणायचं की एका संस्कृतीत सगळ्यांचं सामील होणं? मासळीशिवाय ज्यांचं पान हलत नाही त्यांना आपल्या अन्नाबद्दल तिथे काय शिकवलं गेलं असेल? मी हा आक्षेप मान्य करते. वडीलधाऱ्याच्या धाकाने एकत्र राहिलेली माणसं वडीलधारा गेल्यावर पांगतात, हे एकत्र कुटुंबांनी आपल्याला दाखवलंच आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी घटनेच्या उद्देशिकेत बंधुता आणली, आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात तिच्याशिवाय स्वातंत्र्य आणि समता वरवरच्या राहतील असा इशारा दिला, त्यात आश्रमाचा वारा कुठेच नव्हता. त्यांनी हे तत्त्व बुद्धाकडून घेतलं आणि बंधुतेपेक्षा त्यांना बुद्धाचा 'मैत्री' हा शब्द जास्त भावला होता. मैत्रीत मोठा भाऊ नसतो. म्हणून सेवाग्रामातून काय घ्यावं आणि काय ठेवून यावं याबद्दल माझा निवाडा झालेला आहे : काम घ्यावं, हुकूम ठेवून यावा. अंडं शिजायचं की नाही हे मेस कमिटीने ठरवावं, संस्थापकाच्या फोटोने नाही. आमसभेत जाब विचारणारी नई तालीमची मुलं या बाबतीत आश्रमापेक्षा पुढे होती असं मला वाटतं.

तिसरा आक्षेप जास्त व्यवहाराचा. 'आपल्याकडच्यांचं' वसतिगृह असतं तिथे मुलीला निदान आडनावाची भीती नसते, ते तुम्ही मोडायला निघालात का? नाही. समाजकल्याणची, आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं नसती तर माझ्या जिल्ह्यातल्या कितीतरी मुली कॉलेजची पायरी चढल्याच नसत्या. कॉर्नेलच्या मुलांनी १९०६ मध्ये, शाहू महाराजांनी १९०१ मध्ये जे केलं त्याची गरज संपली असं म्हणणारा बहुधा स्वतः कधी बाहेर उभा राहिलेला नसतो. मिसळायला आधी पाय टेकायला जागा लागते. पण ही घरंसुद्धा घरं राहतात ती चुलीमुळे. २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाने आपल्या वसतिगृहांतल्या खानावळी बंद करून जेवणाचे पैसे थेट मुलांच्या खात्यात टाकायचं ठरवलं, तेव्हा मुलं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. वर्तमानपत्रांनी त्यात पैसे वेळेवर न मिळण्याचा मुद्दा पाहिला, आणि तो होताच. पण कामाच्या नजरेने पाहणाऱ्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पैसे खात्यात आले की कोणी वडापाव खातं, कोणी खोलीत लपवून भात शिजवतं, कोणी घरी पाठवून उपाशी झोपतं. पंगत मोडते. कोण आज जेवलं नाही हे कळायची एकमेव जागा जाते. गोंड, कोलाम, माडिया, परधान मुलं एकाच 'आदिवासी' शिक्क्याखाली राहत असली तरी एकमेकांना परकीच असतात. त्यांची ओळख त्या पंगतीतच व्हायची.

वेळ कुठे आहे, असंही म्हणतात. नीट आहे, सेट आहे, स्पर्धा परीक्षा आहे, पोरींनी भाजी निवडायची की पुस्तक वाचायचं? आठवड्याला दोन तास, यावर मी जास्त बोलणार नाही. मोबाइलच्या पडद्यावरचा वेळ मोजणारं यंत्र त्याच मोबाइलमध्ये असतं.

भाषेचा मुद्दा मात्र टाळता येत नाही. १९९७ मध्ये वर्ध्यात महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय सुरू झालं, राष्ट्रभाषा प्रचार समिती तर १९३६ पासूनच आहे. साहजिकच इथल्या मिश्र वसतिगृहात सगळ्यांची म्हणून हिंदीच चालते आणि जिचं घर दोन किलोमीटरवर आहे त्या मराठी मुलीलाच आपल्या गावात भाषांतर करत राहावं लागतं. मिसळण्याची किंमत एकाच बाजूने चुकवली जात असेल तर ते मिसळणं टिकत नाही, न्यू जर्सीत असो की वर्ध्यात. कामाच्या जागी हे थोडं बदलतं, कारण तिथे शब्द वस्तूला चिकटून येतात. 'खराटा', 'पाटी', 'खरकटं', 'वाढप' हे शब्द बाहेरच्या मुली महिन्याभरात मराठीतच म्हणू लागतात, त्यांना पर्यायी हिंदी शब्द कोणी सांगतच नाही. व्याकरण येत नाही. पण 'माझी पाळी नाहीये' हे वाक्य प्रत्येकीला बिनचूक येतं.

पवनारला धाम नदीच्या काठावर विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर स्थापलं. वेगवेगळ्या प्रांतांतल्या, वेगवेगळ्या भाषांच्या स्त्रिया, कोणी कोणाची नातेवाईक नाही, सगळ्या एकमेकींच्या बहिणी. शेती, स्वयंपाक, छपाई स्वतः करायची, आणि निर्णय बहुमताने न घेता सर्वसंमतीने. त्यांच्या हिंदी मासिकाचं नाव 'मैत्री'. सोरॉरिटी या शब्दाला इतकं नेमकं उतरलेलं घर मला जगात दुसरं माहीत नाही, आणि तरीही मी ते नमुना म्हणून मुलींपुढे ठेवत नाही. त्याचं दार आयुष्यभरासाठी आहे, वसतिगृहाचं चार वर्षांसाठी. तिथल्या बहुतेक बहिणी आता वृद्ध आहेत, नव्याने येणाऱ्या मोजक्या. संन्यासाशिवाय असं बहीणपण जमतं का, हा प्रश्न त्या नदीकाठच्या शांततेत उत्तर न मिळता तसाच राहतो. माझ्या हातात तेवढं मोठं काही नाही. माझ्या हातात जूनअखेरीस धुऊन काढलेला एक फळा असतो आणि खडू. डावीकडे कामं : भाजी, पोळ्या, वाढप, खरकटं, भांडी, संडास. वर वार. भाजीसमोर वेगवेगळ्या मजल्यांवरच्या चौघींची नावं, दोघी एका बोलीच्या येणार नाहीत अशी जुळवून. वाढपासमोर मेस कमिटी. संडासासमोर पहिल्या सोमवारी रेक्टर, मंगळवारपासून अंतिम वर्ष. नव्या मुलींची नावं दुसऱ्या आठवड्याच्या रकान्यात, तो रकाना अजून कोरा असतो, कारण त्या यायच्या आहेत.